बीएस-६ ट्रक ‘ओढत नाही’ म्हणून वर्कशॉपला आला तर पार्ट बदलायच्या आधी काय काय बघायचं

आयटीआय डिझेल मेकॅनिक करून जी पोरं नवीन नवीन ट्रकच्या डीलरशिपला लागतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, जुन्यांना यातलं बरंचसं माहिती असेल तरी वाचा. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नवीन गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमातल्या झाल्या आणि तेव्हापासून आपल्या बे मध्ये सगळ्यात जास्त डोकं खाणारी कंप्लेंट एकच, गाडी ओढत नाही, चेक लॅम्प लागलाय. आधी ही कंप्लेंट आली की डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पंप, नोझल एवढ्यात विषय संपायचा. आता त्याच कंप्लेंटच्या मागे युरियाची (धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये मारतात त्याची) टाकी असू शकते, सायलेन्सरमधला फिल्टर असू शकतो, नाही तर चेसीला घासून तुटलेली एक वायर असू शकते आणि इंजिन बिचारं एकदम ठणठणीत असतं, ईसीयूनेच (इंजिनच्या कॉम्प्युटरनेच) मुद्दाम त्याची ताकद कमी केलेली असते.

माझं म्हणणं एकच आहे, की जोपर्यंत हातात रीडिंग नाही तोपर्यंत पार्टची मागणी स्टोअरला द्यायची नाही. कितीही घाई असली तरी.

सुरुवात ड्रायव्हरपासून करा. जॉबकार्डवर अॅडव्हायझरने ‘लो पिकअप’ एवढे दोन शब्द लिहिलेले असतात, त्यावर काम सुरू करू नका. ड्रायव्हर मामांना बाजूला घेऊन चहा पाजा आणि विचारा, मामा कधीपासून होतंय, थंड असताना का गरम झाल्यावर, चढालाच का सपाटीला पण, लोड किती होता, लॅम्प आधी लागला का आधी ताकद गेली, शेवटचा युरिया कुठं भरला, कुठल्या पंपावर डिझेल घेतलं, रस्त्यात कुणी काही खोललं का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचं उत्तर शेठ समोर असताना कधीच खरं मिळत नाही, म्हणून बाजूला घ्यायचं. ड्रायव्हर दिवसातले बारा-बारा तास त्या गाडीत बसतो, त्याला गाडीचा आवाज आपल्यापेक्षा जास्त कळतो, त्याला नीट भाषेत सांगता येत नाही एवढंच.

मग लॅपटॉप लावायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज हाताने दाबून बघा, क्लॅम्पपाशी तेलाचा ओला काळा पट्टा दिसला तर तिथून हवा निसटतेय. युरियाच्या टाकीचं झाकण, डोझरपाशी (एक्झॉस्टमध्ये युरिया फवारणारा नोझल) साचलेले पांढरे खडे, सायलेन्सरच्या जॉइंटला काजळी, वायरिंग कुठं चेसीवर घासतंय, वॉटर सेपरेटरमध्ये पाणी. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याच वेळा इथंच फॉल्ट सापडतो.

आता स्कॅनर. इथं पोरांची एक सवय मोडायची आहे, ती म्हणजे लावला स्कॅनर की कोड डिलीट. अरे पण तो कोड म्हणजेच तर आपला साक्षीदार आहे! आधी सगळ्या कोडचा फोटो काढा, अॅक्टिव्ह कुठले, जुने कुठले, किती वेळा आलेत, आणि फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) असेल तर त्यावेळी आरपीएम किती होता, गाडी किती गरम होती ते सगळं. मगच पुढचं. आणि कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर गेला असं नसतं, हे भिंतीवर लिहून ठेवा. ज्या गाड्यांत एसपीएन (कुठला भाग) आणि एफएमआय (बिघाड कसला) नंबर दिसतात तिथं एफएमआय ३, ४ किंवा ५ असेल तर तो करंटचा विषय आहे, ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट ओपन. म्हणजे आधी वायर, पिन, कपलर, अर्थिंग, आणि हे सगळं बरोबर निघालं तरच सेन्सर.

वायरिंग कसं बघायचं यावर थोडं जास्त लिहितो कारण इथंच सगळे घसरतात. समजा नॉक्स सेन्सरचा (धुरातले नायट्रोजन ऑक्साईड मोजणारा) कम्युनिकेशनचा कोड आहे. नॉक्स सेन्सर महाग, तो बदलला आणि कोड तसाच राहिला तर पुढे काय होतं ते खाली सांगतो. तर कपलर काढला, मीटर लावला, सप्लायला २४ व्होल्ट दाखवले, पोरगं म्हणतं सप्लाय ओके. पण मीटर करंट खेचतच नाही, आतल्या सगळ्या तारा तुटून एक केसाएवढी तार शिल्लक असली तरी तो २४ च दाखवणार. त्यासाठी साधा २४ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दोन वायर जोडा आणि सप्लाय आणि अर्थच्या मध्ये लावा, त्याच वेळी मीटर पण लावून ठेवा. बल्ब साधारण पाऊण ते एक अँपिअर खेचतो. लखलखीत पेटला आणि व्होल्टेज टिकला तर वायर चांगली, मिणमिणला आणि मीटर १४-१५ वर आला तर वायर आतून खाल्लेली आहे, मग फ्यूजपासून एक एक कपलर मागे येत जायचं. बहुतेक वेळा चेसीच्या खालच्या बाजूचा जो कपलर चिखल आणि वॉशिंगचं पाणी खातो त्यात पिनला हिरवी बुरशी धरलेली सापडते, बाहेरून कपलर अगदी नवा दिसतो, लॉक उघडून आत टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही. फक्त हा बल्ब सप्लायच्या वायरलाच, ५ व्होल्टच्या सेन्सर सिग्नलला किंवा कॅनच्या (ईसीयू आणि बाकीचे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या) वायरला चुकूनही लावायचा नाही, ईसीयू जाईल. आणि वायरला टोचे मारून चेक करू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी जातं आणि सहा महिन्यांनी तीच गाडी नवीन कोड घेऊन येते.

कॅन लाईन बघायची असेल तर बॅटरी बंद करून कॅन हाय आणि कॅन लो मध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर दोन्ही टोकांचे १२० चे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायर कुठंतरी एकमेकींना चिकटल्यात. एवढ्या एका मापावर अर्धा दिवस वाचतो. अर्थिंगचं पण तसंच, मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला, आणि सेल्फ मारायला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थची पट्टी काढून घासा, बाकीचं नंतर.

युरियाकडे येऊ. डीईएफ म्हणजे टाकीत भरतो ते युरियाचं पाणी, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी, आणि ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. २०-२५ दाखवला तर पाणी मारलंय. पण लक्षात ठेवा, ३२.५ दाखवला म्हणजे माल चांगला असं होत नाही, कारण हा मीटर फक्त घट्टपणा सांगतो, शुद्धता सांगत नाही. कुणी शेतीचा युरिया बादलीत मापात विरघळवून टाकला तरी आकडा बरोबर येऊ शकतो. शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळीचं कोटिंग असतं आणि बाकीची घाण वेगळीच, ती सगळी डोझर आणि कॅटॅलिस्टमध्ये (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) जाऊन बसते. म्हणून काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं काढा, पाण्यासारखं नितळ पाहिजे, गढूळपणा, पिवळट रंग, खाली गाळ किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर टाकी रिकामी करायची आणि शेठला बाटली दाखवायची. तवंग म्हणजे युरियाच्या टाकीत डिझेल गेलंय, तिथं नुसती टाकी धुवून भागत नाही, आतले रबरी सील फुगतात.

अजून एक, बरेच ड्रायव्हर चावी बंद केली की लगेच बॅटरीचा कट-ऑफ फिरवतात. बऱ्याच सिस्टिममध्ये चावी बंद झाल्यावर पंप उलटा फिरून लाईनमधला युरिया टाकीत परत ओढतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. मध्येच करंट तोडला की युरिया लाईनमध्येच राहतो, वाळतो आणि खडे होतात. ज्या गाडीचा डोझर परत परत जाम होतो तिथं आधी ड्रायव्हरची ही सवय विचारा. पांढरे खडे कोमट पाण्याने विरघळतात, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत बसू नका.

डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधला तो काजळीचा फिल्टर. हा भरला की मॅन्युअल रिजनरेशन (साचलेली काजळी तापवून जाळणं) मारायचं एवढंच सगळ्यांना माहिती असतं. पण तो भरला का ते कोण बघणार? शहरात थांबत थांबत चालणारी कचऱ्याची गाडी, मिक्सर किंवा साइटवर तासन्‌तास स्लोला उभा टिपर असेल तर ठीक, त्याचं काम तसलंच आहे. पण लांब पल्ल्याची गाडी हायवेला चालूनही महिन्यात दोनदा भरतेय तर मागे कारण आहे, इंजेक्टर ओघळतोय, टर्बो तेल टाकतोय, हवा निसटतेय. ते न शोधता रिजन मारून गाडी सोडली तर ती परत येणारच. आणि रिजन मारायच्या आधी डिफरन्शियल प्रेशर सेन्सरच्या (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजणारा) दोन्ही नळ्या बघा, फुटलेल्या किंवा चोंदलेल्या नळीमुळे सेन्सर खोटं सांगतो. रिजनमध्ये काजळी जळते, राख जळत नाही, राख भरली असेल तर फिल्टर उतरवून साफच करावा लागतो. रिजन चालू असताना एक्झॉस्टचं तापमान ५५०-६०० डिग्रीपर्यंत जातं त्यामुळे गाडी उघड्यावर, आजूबाजूला वाळलं गवत, चिंध्या, डिझेलचे कॅन काही नको, आणि एक माणूस शेवटपर्यंत तिथंच उभा पाहिजे.

डिझेल साइडला थोडक्यात. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारा एकच पाईप) प्रेशर १६०० बारच्या वर जाऊ शकतं, चालू इंजिनवर पाईप ढिला करून ‘मिसिंग कुठल्या सिलिंडरला’ बघायची जुनी पद्धत इथं अजिबात करायची नाही, त्या धारेने कातडी फाडून डिझेल हातात घुसतं आणि हात जायची वेळ येते. इंजेक्टरवर संशय असेल तर रिटर्नची (इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलची) टेस्ट करा, सगळ्यांच्या बाटल्या शेजारी शेजारी, ज्याची जास्त भरली तो बघा. बदलला तर त्यावरचा कोड ईसीयूत टाकायचा विसरू नका.

मग ट्रायल, आणि ती लोडवरच. रिकामी गाडी वर्कशॉपच्या सर्व्हिस रोडला छानच पळते. आमच्या पुणे-बंगळुरू हायवेला खंबाटकीचा चढ आहे, तुमच्याकडे कसारा असेल, राहुड घाट असेल, तिथं लॅपटॉप लावून फुल पॅडलवर रेल प्रेशर आणि बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), ईसीयूने मागितलेलं किती आणि मिळालेलं किती, हे रेकॉर्ड करा. रेल बरोबर आणि बूस्ट कमी तर हवेकडे जा, उलट असेल तर डिझेलकडे. दोन्ही बरोबर आणि तरी ताकद नाही तर ईसीयूने टॉर्क कापलाय, परत युरिया आणि सायलेन्सरकडे.

हे सगळं वाचून म्हणाल, एवढा वेळ कोण देतं? खरं आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. इन्सेंटिव्ह मिळतो तो काम पूर्ण होऊन बंद झालेल्या जॉबकार्डवर, क्लच प्लेटला, हबला किती तास धरायचे ते ठरलेलं आहे, पण चार तास वायर शोधायला गेले त्याचं लेबर कुठल्या कॉलमात टाकायचं ते ठरलेलं नसतं. जो पोरगा डोकं लावतो तो महिन्याअखेर मागे दिसतो आणि जो लायनर आणि ग्रीसिंगच्या गाड्या ओढतो तो पुढे. शेठचा फोन वेगळाच, गाडी उभी म्हणजे हप्ता डोक्यावर, त्याचंही चूक नाही. मॅनेजर लोकांनी डायग्नोसिसला वेगळे तास धरायला पाहिजेत, त्याशिवाय चांगली पोरं या लाईनीत टिकणार नाहीत, दोन वर्षं शिकतील आणि दुसरं काही बघतील.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते लिहिणं. जॉबकार्डच्या मागे कोड, व्होल्टेज, ओहम, युरियाचा आकडा, ट्रायलचं रीडिंग, आधीचं आणि नंतरचं, तारीख आणि किलोमीटरसकट लिहा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. वॉरंटीत काढलेला पार्ट टॅग लावून कंपनीत तपासायला जातो, तिथं चांगला निघाला की क्लेम रिजेक्ट, पैसे डीलरच्या अंगावर आणि मग केबिनमध्ये बोलावणं कुणाला येतं ते तुम्हाला माहिती आहे. त्या दिवशी तुमच्याकडे रीडिंग असेल तर बोलायला तोंड असतं. आणि अॅडव्हायझरला पण बजावून सांगा, जास्तीच्या तासांची नोंद जॉबकार्डवर टाक म्हणून.

घाईत या तीन गोष्टी तरी सोडू नका. केबिन उचलली की लॉक लागलाय का हाताने बघायचं. टिपरची बॉडी वर असताना प्रॉप (आधाराचा दांडा) लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही, हायड्रॉलिकवर भरवसा ठेवून लोक गेलेत. आणि मागच्या ब्रेकच्या स्प्रिंग चेंबरचा क्लॅम्प खोलायचा नाही, आत दाबलेली स्प्रिंग असते, चेंबर बदलायचा तर आधी केजिंग बोल्टने ती बांधून घ्यायची आणि चेंबर अख्खाच बदलायचा.

स्वतःची हत्यारं घ्यायची असतील तर गोटी पान्यांचा मोठा सेट नंतर घ्या, तो वर्कशॉपला असतो. आधी एक बरा मल्टीमीटर, बारीक बॅक-प्रोब पिना (कपलरच्या मागून घालून मोजायच्या), तो २१ वॉटचा बल्ब, डोक्याला लावायची टॉर्च आणि रिफ्रॅक्टोमीटर. रिफ्रॅक्टोमीटर घेताना डीईएफची पट्टी असलेलाच मागा, दुकानदार बॅटरी आणि कूलंटवाला हातात देतो, त्यावर युरियाचं रीडिंग कधीकधी असतं कधीकधी नसतं, काचेतून बघून मगच पैसे द्या.