उलटी कार सीट : दुडूदुडू चालणाऱ्या मुलासाठी निवड आणि बसवणी

आपल्याकडे लहान मूल गाडीत बसते ते बहुधा पुढच्या सीटवर, आईच्या किंवा आजीच्या मांडीवर. त्यामागे हयगय नसते. मूल आपल्या कुशीतच सर्वांत सुरक्षित असते, ही मनापासूनची समजूत असते. मात्र ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या माणसांवर येणारी ओढ त्यांच्या वजनाच्या सुमारे वीसपट असते. म्हणजे दहा किलोचे मूल त्या क्षणी दोनशे किलोच्या ओझ्यासारखे हातांतून पुढे खेचले जाते, आणि जगातली कोणतीही आई ते ओझे धरून ठेवू शकत नाही. समोर एअरबॅग असेल, तर ती उघडते ती थेट त्या मुलाच्या तोंडावर. म्हणून मुलाची जागा मागच्या सीटवर, त्याच्या स्वतःच्या कार सीटमध्ये आहे, आणि पहिली काही वर्षे त्या सीटचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असायला हवे. दुकानांत आणि घरांत हिला सरसकट ‘उलटी सीट’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरते.

उलटे बसवण्याचे कारण मुलाच्या मानेत आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, आणि मानेच्या मणक्यांचे भाग अजून पक्क्या हाडाने सांधलेले नसतात. त्यांच्यामध्ये कूर्चा असते. समोर तोंड करून बसलेल्या मुलाला धडकेच्या वेळी पट्टे खांद्यांपाशी धरून ठेवतात, पण डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये डोके, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीवर दाबली जातात आणि धक्का पूर्ण पाठीवर पसरतो. स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना १९६०च्या दशकात, उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेललेल्या अंतराळवीरांवरून सुचली, आणि त्या देशात आजही मुले साधारण चार वर्षांची होईपर्यंत उलटीच बसवली जातात. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या आर-१२९ या नियमानुसार १५ महिन्यांच्या आत मुलाला समोर तोंड करून बसवता येत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१८ मध्ये ‘किमान दोन वर्षे उलटे’ ही आधीची वयाची अटही काढून टाकली आणि सीटची उंची-वजनाची क्षमता संपेपर्यंत मुलाला उलटेच बसवावे, असे सांगितले. आपल्याकडील मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मूल सीट बेल्ट किंवा बालसुरक्षा सीट यांपैकी कशानेही बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. परंतु मूल कोणत्या दिशेला तोंड करून बसवावे, हे ते कलम सांगत नाही. तो निर्णय आईवडिलांनाच घ्यावा लागतो.

निवड करताना सर्वाधिक फसगत होते ती खोक्यावरच्या एका आकड्याने. ‘० ते २५ किलो’ किंवा ‘जन्मापासून सात वर्षांपर्यंत’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि आपण समजतो की मूल तितके दिवस उलटे बसेल. प्रत्यक्षात तो आकडा सीटच्या सगळ्या रूपांचा, म्हणजे उलटी आणि नंतर समोर तोंड करून वापरण्याचा, मिळून असतो. उलट्या स्थितीची मर्यादा माहितीपुस्तिकेत वेगळी दिलेली असते, आणि ती पुष्कळदा फक्त १३ किलो असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मध्यम वजनाचा मुलगा दोन वर्षांचा असताना सुमारे १२ किलोचा आणि मुलगी साडेअकरा किलोची असते. अडीच वर्षांच्या सुमारास दोघेही १३ किलोच्या आसपास पोचतात. म्हणजे ती सीट उलटी वापरण्याचे दिवस अडीच वर्षांतच संपतात, आणि उंच मुलाच्या बाबतीत त्याहून आधीच. उलटी मर्यादा १८ किलो असलेली सीट मात्र बहुतेक मुलांना चार वर्षांपर्यंत, काहींना त्याहून अधिक काळ पुरते. उंचीनुसार मोजल्या जाणाऱ्या नव्या सीटमध्ये हाच आकडा १०५ सेंटिमीटरपर्यंत असू शकतो. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न किमतीचा किंवा कापडाचा न विचारता, ‘ही सीट उलटी किती किलोपर्यंत आणि किती उंचीपर्यंत वापरता येते?’ हा विचारावा, आणि उत्तर तोंडी न घेता पुस्तिकेत छापलेले दाखवायला सांगावे.

त्यानंतर सीटच्या अंगावरचे नारिंगी लेबल पाहावे. त्यावर आर-४४/०४ (युरोपातला जुना नियम) किंवा आर-१२९ या नियमाचा उल्लेख आणि वर्तुळात इंग्रजी ई अक्षर व त्याच्यापुढे एक आकडा असतो; तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो. बालसुरक्षा सीटसाठी भारताचे स्वतःचे मानक एआयएस-०७२ हे आहे. ज्या सीटवर यांपैकी काहीच नाही, ती कितीही मऊ असली तरी घेऊ नये. वापरलेली सीट मी केवळ सख्ख्या नात्यातूनच घेईन, आणि तीही तिला कधी अपघात झालेला नाही, तिची पुस्तिका जागेवर आहे आणि प्लॅस्टिकवर छापलेली मुदत संपलेली नाही, एवढी खात्री झाल्यावरच.

अमेरिकेतल्या मावशी-काकांनी येताना सीट आणण्याची पद्धत आपल्या घरांत रुळलेली आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर सांगते. तिथल्या सीट चांगल्या असतात, पण त्या तिथल्या गाड्या गृहीत धरून बनवलेल्या असतात. तिकडे बहुतेक गाड्यांचा मागचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की आपोआप ‘कुलूपबंद’ होतो आणि सीट आवळून धरतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट फक्त अचानक हिसका बसल्यावर अडकतो. एरवी तो सैल होत राहतो. त्यामुळे अशा सीटला बेल्ट पकडून ठेवणारा स्वतःचा चाप नसेल, तर ती आपल्या गाडीत बेल्टने घट्ट बसतच नाही. आणायला सांगण्यापूर्वी या एका गोष्टीची विचारणा करावी.

सीट घेण्याआधी ती आपल्याच गाडीत बसवून पाहावी, हे मी आग्रहाने सांगेन. छोट्या हॅचबॅकमध्ये तीन अडचणी हमखास येतात. पहिली, उलटी सीट लांबीला बरीच जागा घेते आणि पुढची सीट इतकी पुढे न्यावी लागते की तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. दुसरी, बेल्टने बसवायच्या उलट्या सीटला बेल्ट बराच लांब लागतो आणि काही गाड्यांत तो बकलपर्यंत पोचतच नाही. तिसरी अडचण खास आपल्याकडची : हौसेने घातलेल्या जाड सीट कव्हरांखाली मागची बकले आणि आयसोफिक्सच्या, म्हणजे बेल्टशिवाय कार सीट थेट गाडीला अडकवण्याच्या, कड्या गडप झालेल्या असतात. पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटे घालून चाचपडावे. हाताला दोन आडव्या लोखंडी कड्या लागल्या, तर तेच आयसोफिक्स. कव्हर त्यांच्यावर येत असेल तर ते कापण्यापेक्षा मागच्या सीटचे कव्हर काढून टाकलेलेच बरे, कारण फोमच्या कव्हरावर बसवलेली कार सीट आज घट्ट वाटली तरी फोम दबल्यावर सैल होते.

जागा कोणती निवडावी? मधल्या जागेला तीन बिंदूंचा, म्हणजे कमर आणि खांदा दोन्ही धरणारा बेल्ट असेल आणि सीट तिथे घट्ट बसत असेल, तर ती जागा दोन्ही दारांपासून लांब असल्याने उत्तम. पण कित्येक गाड्यांत मध्ये नुसता कमरेचा पट्टा असतो किंवा बैठक उंचवट्याची असते. मग डावी बाजू घ्यावी, म्हणजे रहदारीकडे पाठ करून उभे न राहता फुटपाथच्या बाजूने मुलाला आत-बाहेर करता येते. समोर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर उलटी सीट कधीही ठेवू नये. एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागेच आदळते. मोठ्या गाड्यांत मागे बाजूला तोंड करून असलेल्या बाकांवरही कार सीट बसवू नये.

आता प्रत्यक्ष बसवणी. आमची पहिली सीट दुकानातल्या माणसाने पार्किंगमध्ये येऊन पाच मिनिटांत बसवून दिली होती, आणि मुलगी चौदा महिन्यांची असताना आम्ही तिला तीत घालून घाट उतरून आलो. चार दिवसांनी पुस्तिका वाचताना माझ्या लक्षात आले, की सीटच्या कडेला निळ्या आणि लाल अशा दोन रंगांच्या खुणा आहेत. निळा मार्ग उलट्या स्थितीतल्या बेल्टचा, लाल मार्ग समोर तोंड असतानाचा. आणि आमचा बेल्ट लाल खाचांतून गेलेला होता. मी सीट धरून हलवली तेव्हा ती दाराच्या झडपेसारखी एका बाजूने उघडली. त्या दिवसापासून बसवणी मी स्वतः करते, पुस्तिका मांडीवर उघडी ठेवून.

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, कारण सीटचा कोन तिथेच कळतो. सीटच्या बाजूला एक रेघ किंवा बुडबुड्याची खूण असते. रेघ जमिनीला समांतर आली की कोन बरोबर. वर्षाच्या आतल्या बाळाला जास्त रेललेला कोन लागतो, नाहीतर झोपेत हनुवटी छातीवर पडून श्वास अडखळतो; दोन वर्षांच्या मुलाला अधिक ताठ बसवले तरी चालते, आणि पुढच्या सीटलाही जागा मिळते. बेल्टने बसवायची असेल तर निळ्या मार्गातून बेल्ट पीळ न पडू देता ओवावा, बकल लावावे आणि मग एक गुडघा सीटमध्ये टेकून शरीराचा भार देत, खांद्याकडचा पट्टा दोन्ही हातांनी हळूहळू ओढून सगळा ढिलेपणा काढावा. चाप असेल तर तो शेवटी बंद करावा. आयसोफिक्स असेल तर दोन्ही आकडे स्वतंत्र ‘खट्’ आवाज करून बसले पाहिजेत आणि दोन्ही खुणा हिरव्या दिसल्या पाहिजेत. एक हिरवी आणि एक लाल असेल, तर सीट बसलेली नाही असे समजावे. जास्त सुरक्षेसाठी म्हणून आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही लावण्याचा मोह होतो, परंतु पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच तसे करावे.

पुष्कळ उलट्या सीटना पुढे एक पाय असतो, जो गाडीच्या तळाशी टेकतो आणि धडकेत सीटला पुढे कलंडू देत नाही. तो पाय तळाला घट्ट टेकावा, पण सीटचा पुढचा भाग उचलला जाऊ नये. तळाखाली सामानाचा पोकळ कप्पा असलेल्या गाडीत तो पाय कप्प्याच्या झाकणावर टेकवणे धोक्याचे आहे, कारण झाकण भार घेण्यासाठी बनवलेले नसते. गाडीच्या पुस्तिकेत त्याबद्दल काय म्हटले आहे ते पाहावे.

शेवटी कसोटी. ज्या ठिकाणी बेल्ट किंवा आयसोफिक्स सीटला धरतो, नेमक्या त्याच ठिकाणी सीट पकडून डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवावी. तिथे अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हालचाल होता कामा नये. सीटचा वरचा, मुलाच्या डोक्याकडचा भाग थोडा हलतो; त्याने घाबरून जाऊ नये.

मुलाला बसवताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून येतील असे ठेवावे. समोर तोंड असलेल्या सीटमध्ये नियम याच्या उलट असतो, म्हणून इथे गोंधळ होतो. पट्टा ओढून घट्ट केल्यावर खांद्याच्या हाडापाशी तो चिमटीत धरून पाहावा. चिमटीत पट्ट्याची घडी आली, तर तो अजून सैल आहे. महाबळेश्वरच्या थंडीत जाड स्वेटरवरून पट्टे आवळणेही टाळावे. जाड कपडा धडकेत दबतो आणि तेवढीच ढील पट्ट्यात उरते. मुलाला पातळ कपड्यांत बांधून वरून शाल किंवा दुपटे पांघरावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते : उभ्या गाडीत बकलचा धातू चटका देण्याइतका तापतो, म्हणून उतरताना सीटवर पांढरी चादर टाकावी आणि बसवण्यापूर्वी बकलला स्वतःचा हात लावून पाहावा.

‘पाय दुमडतात, बिचाऱ्याला त्रास होत असेल’, हे वाक्य घरातल्या मोठ्यांकडून हटकून ऐकू येते, आणि त्यामागची माया खरी असते. त्यांना मूल जमिनीवर खेळताना दाखवावे. ते तासन्‌तास मांडी घालून किंवा पाय फेंगडे करून बसते, कारण त्याचे सांधे लवचीक असतात. पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकले म्हणजे कार सीट लहान झाली असे नव्हे. उलटी मर्यादा वजनाने संपते किंवा डोक्याने : पुस्तिकेत सांगितलेल्या रेषेच्या वर डोके गेले, किंवा किलोचा आकडा गाठला, तेव्हाच सीट फिरवावी. आमच्याकडे दर दोन महिन्यांनी, लसीकरणाच्या कार्डाशेजारी मुलीचे वजन आणि उंची पेन्सिलीने लिहून ठेवली जाते, आणि त्याच दिवशी सीट त्या एका ठिकाणी धरून हलवून पाहिली जाते.