"अण्णा कुठं गेले ओ?"

पहिल्याच शूटिंगला पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मला हे विचारलं. कॅमेरा चालू होता आणि छातीवरच्या लेपल माइकने त्यांचा प्रश्न स्वच्छ टिपला. एडिटिंगमध्ये तो कापला, पण पुढचे सहा महिने तोच प्रश्न मला नवी पेठेत, सात रस्त्याला, रिक्षात आणि एकदा दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना ऐकावा लागला.

गोष्ट २०१७ची. आमच्या सोलापुरातल्या एका केबल चॅनेलवर दर रविवारी संध्याकाळी एक कार्यक्रम लागायचा. गाणी, नकला, शाळकरी पोरांचे नाच, बायकांची प्रश्नमंजूषा, एखादा पाहुणा, सगळं अर्ध्या तासात. सुरू झाला २००४ साली, म्हणजे 'होम मिनिस्टर' आलं त्याच वर्षी, आणि तेरा वर्षं त्याचं निवेदन एकाच माणसाने केलं. पूर्व भागातल्या विणकराच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. पैशांवरून त्यांचं चॅनेलवाल्यांशी बिनसलं आणि एका शुक्रवारी मला फोन आला, "मंगळवारी शूटिंग आहे, येतो का?" मी तेव्हा आकाशवाणीला नैमित्तिक उद्घोषक होतो, बाकी लग्नं, गणपती, कॉलेजची गॅदरिंगं. आवाज बरा होता, चारोळ्या पाठ होत्या. एवढ्यावर भागेल असं वाटलं.

अण्णांची सुरुवात ठरलेली. हात वर करून म्हणायचे, "काय म्हणतंय सोलापूर?" आणि अख्खा हॉल ओरडायचा, "लई भारी!" चॅनेलवाले म्हणाले, ते ठेव, लोकांना सवय आहे. मी ठेवलं. हात वर केला, ओरडलो. तिघांनी उत्तर दिलं, त्यातला एक आमचा लाइटवाला.

नव्याने उभं राहणाऱ्यांना मी म्हणूनच आधी हे सांगतो, की आधीच्या माणसाचं पेटंट वाक्य पहिल्या दिवशी तोंडात घेऊ नका. वरून कितीही आग्रह झाला तरी. ते वाक्य कार्यक्रमाचं नसतं, त्या माणसाचं असतं. कार्यक्रमाचं काय असतं? क्रम, संगीत, शेवटचा निरोप, बक्षीस देण्याची पद्धत. तिथे मात्र काडीचाही बदल करू नका, निदान पहिले दहा भाग. मी उलटं केलं. वाक्य उचललं आणि प्रश्नमंजूषा शेवटाकडून मध्यावर आणली, कारण मला ते 'फ्रेश' वाटलं. भाकरी थापता थापता शेवटची दहा मिनिटं बघणाऱ्या बायकांचे फोन आले.

स्टेज आणि कॅमेरा यांतला फरक कुणी शिकवत नाही. स्टेजवर आपण हॉलच्या शेवटच्या रांगेशी बोलतो. कॅमेऱ्यात ते केलं तर माणूस भांडतोय असं दिसतं. तीन कॅमेरे असतील तर ज्याच्यावर लाल दिवा लागलाय तिकडे बघायचं, पण मान झटकन वळवायची नाही. आधी वाक्य संपवायचं, मग वळायचं. बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर थरथरतो, तो घरी ठेवा. आमच्याकडे एका दिवसात चार भाग उरकायचे, म्हणजे चार जोड कपडे, तेही आपल्या पैशांनी. आणि 'आज' हा शब्द विसरायचा. मी एकदा भर शूटिंगमध्ये "आज काय मस्त पाऊस पडतोय" म्हणालो. तो भाग लागला तीन आठवड्यांनी, बाहेर कडक ऊन. आपल्या सोलापुरात हे कुणी माफ करत नाही.

मानधन रेकॉर्डिंगवर मिळणार की प्रक्षेपणावर, हेही लिहून घ्या. एखादा भाग क्रिकेटमुळे किंवा निवडणुकीमुळे पुढे गेला की पैसेही पुढे जातात. मी लिहून घेतलं नव्हतं.

मोठ्या कार्यक्रमांतही हेच होतं, हे बघून मला जरा धीर यायचा. २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'चं तिसरं पर्व शाहरुख खानने केलं. तोही काही कमी बोलका नाही, पण बघणारे वाक्यावाक्याला अमिताभ बच्चन शोधत होते. २०१० मध्ये बच्चन परत आले. आपल्या मराठी अवताराची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. २०१३ मध्ये सचिन खेडेकर होते. २०१९ मध्ये त्या खुर्चीवर नागराज मंजुळे बसले, आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे. मी तोवर दोन वर्षं मार खाल्लेला होता, म्हणून ते भाग वही-पेन घेऊन बघितले. खेडेकरांची नाटकातून घडलेली मराठी त्यांनी उसनी घेतली नाही. आपल्याच बोलीत, आपल्याच संथपणाने समोरच्याला बोलतं करत राहिले. पुढे २०२१ मध्ये खेडेकर परतले तेही त्यांच्याच ढंगात. मला वाटतं, मंजुळे समोरच्याचं ऐकताना जे गप्प राहायचे, तो गप्पपणा ही त्यांची सगळ्यात मोठी कमाई होती. मला गप्प राहायला कधीच जमत नव्हतं.

माझा कडेलोट झाला गड्ड्याच्या विशेष भागात. जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा, सातही नंदीध्वजांची दृश्यं घेतलेली, मी उत्साहात. आणि बोललो काय, तर "होम मैदानावर रंगणारा अक्षता सोहळा". सोलापूरकराला यापुढे काही सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: अक्षता भोगीला संमती कट्ट्यावर पडतात, होम मैदानावर संक्रांतीला होमाचा विधी असतो. मी जुळे सोलापुरात वाढलो, लहानपणापासून अक्षता टाकल्यात, आणि तरी जीभ घसरली. ती चूक एडिटिंगमध्येही कुणाच्या लक्षात आली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन दिवसभर वाजत होता. एक काका म्हणाले, "अण्णा असते तर असं झालं नसतं बे."

तेव्हा मी अण्णांकडे जायचं ठरवलं. खरं तर ते पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं. मला वाटायचं, ते माझ्यावर चिडलेले असणार. शेंगापोळ्यांचा डबा घेऊन अशोक चौकाजवळच्या त्यांच्या घरी गेलो. ते बनियनवर पेपर वाचत बसलेले.

"गड्ड्याचा भाग बघितला मी," एवढंच म्हणाले आणि हसायला लागले. मग आत जाऊन एक लांबट रजिस्टर घेऊन आले, गिरणीत हजेरीला असायचं तसलं, लाल कापडी पाठीचं.

त्यात कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाची नोंद होती. पेठ, कुणाची कोण, काय म्हणाली. एक पान मला अजून आठवतं: 'कन्ना चौक. बिड्या वळते. मुलगी बारावीला. पुढच्या वेळी निकाल विचारणे.' त्या बाई दोन वर्षांनी परत आल्या तेव्हा अण्णांनी माइक हातात घेऊन आधी निकाल विचारला असणार. मग बाईंनी घरी, गल्लीत, कारखान्यात सांगितलं असणार की अण्णांना माझी आठवण होती. लोकांना अण्णांचे विनोद आठवत नव्हते. अण्णांना लोक आठवायचे, ते बंद झालं होतं. त्या आजी मला हेच विचारत होत्या.

त्यानंतर मी त्यांचे जुने बारा भाग आवाज बंद करून बघितले. हा उद्योग प्रत्येकाने करावा. आवाज बंद केला की माणूस काय करतो ते दिसतं. अण्णा मंचाच्या मधोमध कधीच उभे राहत नसत. लहान पोराशी बोलताना गुडघा टेकवून त्याच्या उंचीला यायचे. हातातला माइक कधी पाहुण्याच्या हातात देत नसत, कारण एकदा गेलेला माइक परत मिळत नाही. म्हातारी बाई आली की आधी नुसते हात जोडायचे आणि ती बोलायला लागेपर्यंत थांबायचे. मी हे सगळं उचललं, कारण यात त्यांची छाप नव्हती, कसब होतं. भाषेचंही तसंच. "बागुन्नारा?" आणि "हेंगिद्दीरी?", म्हणजे तेलुगू आणि कन्नडमधलं "कसे आहात?", एवढं मी शिकून घेतलं. पुढचं येत नाही हे हसून कबूल केलं की समोरच्या मावशीच मला शिकवायला लागायच्या, आणि त्यातच दोन मिनिटं छान निघायची.

मग मालकांच्या मागे लागलो की अण्णांना एकदा बोलवा, रीतसर निरोप द्या. थकलेले पैसे आधी चुकते करा, हेही म्हणालो, आवाज जरा कापत होता. ते तयार झाले, वर म्हणाले, शनिवारी अण्णांचा वेगळा कार्यक्रमच करू. माझ्या पोटात गोळा आला. अमेरिकेत २००९ मध्ये 'द टुनाइट शो' हा रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम कॉनन ओब्रायनकडे आला आणि आधीच्या जे लेनोंना त्याच चॅनेलने रात्री दहाचा कार्यक्रम दिला. २०१०च्या जानेवारीत ओब्रायन बाहेर आणि मार्चमध्ये लेनो परत जुन्या खुर्चीवर. सुदैवाने अण्णांनीच नको म्हटलं. साखर वाढलीय, म्हणाले, आता घरी जेवू द्या.

तो एक भाग आम्ही दोघांनी मिळून केला. "काय म्हणतंय सोलापूर?" त्यांनीच विचारलं आणि छत उडेल असं उत्तर आलं. मध्यंतरानंतर ते पहिल्या रांगेत जाऊन बसले, बरोबर त्या आजींच्या शेजारच्या खुर्चीत. ते वाक्य पुन्हा मी कधी म्हटलं नाही.

जाताना रजिस्टर माझ्याकडे दिलं. रात्री घरी उघडलं तर शेवटच्या भरलेल्या पानावर, त्यांच्या बारीक अक्षरात, माझी नोंद होती: 'जुळे सोलापूर. नवा पोरगा. आवाज चांगला. घाई करतो. पाणी पीत नाही.'

पाणी प्यायचं अजूनही विसरतो.