सिंगापुरात मुलाला पहिलीत घालायचंय, पण आईबाबा इथल्या शाळेत शिकलेले नाहीत? मग हे वाचा

दरवर्षी मे-जून आला की इथल्या मराठी ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, पी-वन (प्रायमरी वन, म्हणजे पहिली) रजिस्ट्रेशन. कुठली शाळा चांगली, कोणाचा बॅलटमध्ये (जागा कमी पडल्या की काढतात त्या सोडतीत) नंबर लागला, कोण शाळेसाठी घर बदलतंय. आणि जे नुकतेच पुण्याहून नाहीतर नागपूरहून आलेत त्यांना पहिला धक्का बसतो तो हा की रस्ता ओलांडला की शाळा आहे, सरकारी पैशावर चालते, आणि तरी आपला नंबर बराच मागे, कारण त्या शाळेत आपण कधी शिकलो नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते, काय करायचं तेही आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आधी घेण्याबद्दल मला काय वाटतं तेही, कारण ती गोष्ट कळल्याशिवाय बाकीचं गणित बसतच नाही.

आधी क्रम समजून घ्या. मूल ज्या वर्षी सात पूर्ण करणार त्या वर्षी जानेवारीत पहिलीत जातं (जन्मतारखेचा हिशोब २ जानेवारी ते पुढच्या वर्षीची १ जानेवारी असा धरतात), आणि रजिस्ट्रेशन आदल्या वर्षी, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, सिंगपासवरून (सरकारी डिजिटल ओळखीच्या लॉगिनने) ऑनलाइन. फेज १ मध्ये ज्यांचं भावंड त्या शाळेत आत्ता शिकतंय ती मुलं, त्यांची जागा नक्की. मग फेज २ए, म्हणजे ज्यांचे आई किंवा बाबा किंवा मोठं भावंड त्या शाळेत शिकून गेलंय ती मुलं, शिवाय शाळेच्या कमिटीवरच्या पालकांची, स्टाफची, आणि त्याच आवारातल्या एमओई (शिक्षण मंत्रालय) किंडरगार्टनमधली मुलं. मग २बी, ज्यात पालकांनी शाळेत व्हॉलंटियर म्हणून काम केलंय, किंवा शाळेशी जोडलेल्या चर्चची नाहीतर चिनी क्लॅनची (एका कुळाच्या किंवा मूळ गावच्या लोकांच्या संघटनेची) शिफारस आहे, किंवा ते वस्तीपातळीवर काम करणारे कम्युनिटी लीडर आहेत. मग २सी, बाकी सगळे. त्यात नाही जमलं तर २सी सप्लिमेंटरी. आणि शेवटी फेज ३, जे सिंगापूरचे नागरिकही नाहीत आणि पीआरही (कायमचे रहिवासी) नाहीत त्यांच्यासाठी.

आता शाळेचं नाव बाजूला ठेवा आणि जागा मोजा. पहिलीचा वर्ग ३० मुलांचा असतो, म्हणजे सहा तुकड्यांची शाळा असेल तर १८० जागा. समजा फेज १ मध्ये भावंडांनी ७० घेतल्या, राहिल्या ११०. यातल्या ६० नियमानेच बाजूला ठेवतात, २० २बी साठी आणि ४० २सी साठी. म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या फेजला मिळाल्या ५०. त्या फेजला ६५ अर्ज आले तर तिथेच बॅलट होतं आणि तुमच्या वाट्याला त्या राखीव ४० च राहतात. पण २ए मध्ये २० च अर्ज आले तर उरलेल्या ३० पुढे येतात, राखीव ६० धरून ९० होतात, त्याचा एक तृतीयांश २बी ला आणि दोन तृतीयांश २सी ला, म्हणजे २सी ला ६०. २बी मध्ये जागा उरल्या तर त्याही २सी कडे येतात. एमओईच्या वेबसाइटवर प्रत्येक शाळेचे मागच्या वर्षीचे आकडे फेजनुसार असतात, ते उघडा, तुमच्या दोन किलोमीटरच्या आतल्या सगळ्या शाळा एका शीटमध्ये टाका, आणि २ए संपल्यावर किती उरतं तो कॉलम आधी बघा, शाळेचा निकाल आणि बाकी गप्पा नंतर. ज्या शाळेत २ए नंतर राखीव जागांपेक्षा फार काही उरत नाही तिथे तुमचा चान्स तुमच्या हातात नाही, अंतराच्या आणि नशिबाच्या हातात आहे.

ज्यांना २ए लागू होतं त्यांच्यासाठी थोडक्यात. नव्वदीत जे मराठी लोक इथे आले त्यांची मुलं इथेच शिकली आणि आता त्यांच्या मुलांची पहिलीची वेळ आलीये, त्यामुळे हा प्रश्न आपल्यातही आहे. पूर्वी या फेजचे दोन भाग होते, जे माजी विद्यार्थी संघटनेचे मेंबर झाले ते आधी आणि नुसते शिकून गेलेले नंतर, पण २०२२ च्या रजिस्ट्रेशनपासून दोन्ही एकत्र केलेत, त्यामुळे आता फक्त प्रवेशासाठी मेंबरशिपचे पैसे भरायची गरज नाही. तुम्ही त्या शाळेच्या प्रायमरीत होता हे दाखवणारे जुने कागद, पीएसएलईचा (सहावीच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचा) निकाल, प्रगतिपुस्तक, काय असेल ते आधीच शोधून ठेवा. आणि एक लक्षात घ्या, २ए म्हणजे गॅरंटी नाही, अर्ज जास्त आले तर तिथेही नागरिकत्व आणि अंतर बघून बॅलट होतं.

आणि ज्यांचं मूल अजून तीन-चार वर्षांचं आहे त्यांनी हे दोनदा वाचा. आईबाबा इथे शिकलेले नसले तरी एमओई किंडरगार्टनचा दरवाजा उघडा आहे. शाळेच्या आवारातच असलेलं केजी हवं, दुसरीकडचं चालत नाही. प्रवेश फक्त नागरिक आणि पीआर मुलांना, रजिस्ट्रेशन के-वनच्या (किंडरगार्टनच्या पहिल्या वर्षाच्या) आदल्या वर्षी सुरुवातीलाच होऊन जातं म्हणजे मूल चार वर्षांचं होतं त्या वर्षी, आणि मातृभाषा म्हणून तिथे चिनी, मलय, तमिळ एवढेच पर्याय. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हे जरा जड जाऊ शकतं, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण निदान असा रस्ता आहे हे माहीत असू द्या, कारण बऱ्याच जणांना हे कळतं तेव्हा मूल के-टूला पोचलेलं असतं.

आता मला काय वाटतं ते. भावंडाला आधी घ्यावं हे मला शंभर टक्के पटतं, दोन मुलांना सकाळी साडेसातच्या आत दोन वेगळ्या शाळांत सोडणं हा त्या घराचा रोजचा खराखुरा त्रास आहे. पण आई तीस वर्षांपूर्वी त्या शाळेत होती यात आजच्या मुलाची गरज कुठे आली? समर्थन करणारे म्हणतात की माजी विद्यार्थ्यांमुळे शाळेची परंपरा टिकते, ते देणग्या देतात, वेळ देतात, आणि मिशनच्या किंवा चिनी क्लॅनच्या कितीतरी जुन्या शाळा खरंच समाजाच्या पैशातून उभ्या राहिल्यात. हे खोटं नाही आणि त्या लोकांचं शाळेवरचं प्रेमही खोटं नाही. पण आज त्या शाळांचे शिक्षक, त्यांचे पगार, त्यांचा अभ्यासक्रम सगळ्यांच्या टॅक्समधून चालतो, आणि सहा वर्षांचं मूल त्या परंपरेत काहीच मिळवून आलेलं नसतं, त्याला ती जागा वारशात मिळते. आणि वारसा एका पिढीवर थांबत नाही. चांगलं नाव असलेली प्रायमरी, तिच्याशी जोडलेली सेकंडरी, आणि त्या सेकंडरीतही जोडलेल्या प्रायमरीच्या मुलांना प्राधान्य (२०१९ पासून तिथे २० टक्के जागा बाहेरच्यांसाठी ठेवल्या, तोपर्यंत तेही नव्हतं), म्हणजे आजी-आजोबा कुठे राहायचे यावर नातवाचा बारा वर्षांनंतरचा रस्ता अर्धा ठरून जातो. यात फक्त आपल्यासारखे बाहेरून आलेले मागे राहतात असं नाही हं, इथेच जन्मलेली, साध्या शाळेत शिकलेली, टॅक्सी चालवणारी, हॉकर सेंटरला स्टॉल असलेली माणसंही मागे राहतात, आणि त्यांचं मला जास्त वाईट वाटतं कारण आपल्याकडे निदान घर बदलायचे पैसे असतात.

२०१३ च्या नॅशनल डे रॅलीत तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी जाहीर केलं की प्रत्येक प्रायमरी शाळेने ज्यांची आधीची काही ओळख नाही अशा मुलांसाठी निदान ४० जागा ठेवायच्या, २०१४ पासून त्या २बी ला २० आणि २सी ला २० अशा आल्या आणि २०२२ पासून २सी च्या ४० झाल्या. म्हणजे सरकारलाही हा प्रश्न दिसतोय. माझ्या मते ४० वर थांबू नये, भावंडांनंतर सरळ अंतर बघावं आणि माजी विद्यार्थ्यांना पाहिजे तर समान अंतरावर असलेल्यांत थोडं झुकतं माप द्यावं, त्याहून जास्त नाही. दिल्लीत २०१३ च्या डिसेंबरात नर्सरीसाठी जी गुणांची पद्धत काढली होती त्यात १०० पैकी ७० गुण घर जवळ असण्याला, २० भावंडाला आणि माजी विद्यार्थी पालकांना फक्त ५ होते. पुढे ती कोर्टात टिकली नाही ते वेगळं, पण ते प्रमाण मला आजही बरोबर वाटतं. आणि आपल्या आरटीई कायद्यात तर चिठ्ठी सोडून दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने एका मुलाला दुसऱ्याच्या पुढे घेण्याला स्क्रीनिंग म्हटलंय आणि त्याला बंदी आहे. ज्यांना २ए मिळतंय त्यांनी ते जरूर घ्यावं, नियम आहे तोवर घेण्यात काही गैर नाही, पण मिळतंय म्हणून ते बरोबर आहे असं म्हणू नये, आणि सरकार रीच या आपल्या जनमत विभागातर्फे मतं मागवतं तेव्हा किंवा आपल्या एमपीच्या (खासदाराच्या) लोकांना भेटायच्या मीट-द-पीपल सेशनला जाऊन हे बोलावं. ज्याला फायदा होतोय त्याने बोललेलं जास्त ऐकलं जातं.

२बी कडे वळायचं असेल तर घाई करायला लागते. व्हॉलंटियर म्हणून रजिस्ट्रेशनच्या आदल्या वर्षी १ जुलैच्या आत शाळेशी जोडलेलं असायला हवं आणि रजिस्ट्रेशनच्या वर्षी ३० जूनपर्यंत ४० तास पूर्ण. त्यासाठी शाळेला ईमेल मूल साडेचार-पाच वर्षांचं असतानाच करा. नामांकित शाळा मोजकेच व्हॉलंटियर घेतात, मुलाखतही घेतात, आणि ४० तास देऊनही पुढे बॅलट लागू शकतं हे मनाशी धरून चला. दोघंही नोकरी करत असाल आणि शाळेत तशीही चुरस असेल तर मी म्हणेन सोडून द्या, तो वेळ मुलाला द्या.

आपल्यातल्या बहुतेकांची खरी लढाई २सी. इथे आधी आल्याला आधी जागा असं काही नसतं, त्यामुळे पहिल्या मिनिटाला लॉगिन करायची गरज नाही, उलट शेवटच्या दिवसापर्यंत थांबा, रोज अर्जांचे आकडे अपडेट होतात ते बघा आणि मग टाका. एका फेजमध्ये एकाच शाळेत अर्ज करता येतो. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले तर आधी नागरिक मुलं, त्यात एक किलोमीटरच्या आतली, मग एक ते दोन, मग दोनच्या पलीकडची, आणि हे सगळे संपल्यावर पीआर, त्यांच्यातही तोच क्रम. हे नीट वाचा, म्हणजे शाळेला चिकटून राहणारं पीआर मूल चार किलोमीटरवरच्या नागरिक मुलाच्या मागे असतं. आईबाबांपैकी एक नागरिक असून चालत नाही, मुलाचं नागरिकत्व बघतात. शिवाय काही शाळांत पीआर मुलांवर २५ ते ३० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून पीआर कुटुंबांना माझा सल्ला एकच, ज्या शाळेत मागची दोन-तीन वर्षं २सी मध्ये बॅलट पीआरपर्यंत आलं किंवा झालंच नाही अशी शाळा शोधा, शाळेचं नाव नातेवाइकांना माहीत नसलं तरी चालेल.

अंतर गूगल मॅपवर मोजू नका, चालायचं अंतर इथे धरत नाहीत. वनमॅप या सरकारी नकाशाच्या वेबसाइटवर स्कूल क्वेरी आहे, त्यात पत्ता टाकला की कुठल्या शाळा एकच्या आत, कुठल्या दोनच्या आत ते कळतं. घर घ्यायच्या आधी, भाड्याने घ्यायचं असलं तरी, हे करा, कारण एकाच ब्लॉकओळीत एक घर आत आणि दुसरं बाहेर असं होतं. ज्या पत्त्यावर प्रवेश मिळाला तिथे रजिस्ट्रेशन सुरू झाल्यापासून निदान ३० महिने राहावं लागतं. खोटा पत्ता देऊ नका, मुलाला शाळेतून दुसरीकडे हलवतात आणि पोलीस केसही होऊ शकते, आणि भोगतं ते मूल.

डिपेंडंट पासवरच्या (आईबाबांच्या वर्क पासच्या आधारे इथे राहणाऱ्या) मुलांसाठी फक्त फेज ३. त्याच्या आधी साधारण मे-जूनमध्ये ऑनलाइन इंटरेस्ट फॉर्म भरावा लागतो, तो थोडेच दिवस उघडा असतो, चुकला की गेलं. जागेची हमी नाही, म्हणून इंटरनॅशनल शाळेचा खर्च आधीच काढून ठेवा. पहिलीला नाही झालं तर पुढे दुसरी ते पाचवीसाठी एईआयएस ही परदेशी विद्यार्थ्यांची प्रवेशपरीक्षा आहे.

बॅलटमध्ये नंबर नाही लागला तर घाबरायचं नाही, नागरिक आणि पीआर मुलाला कुठेतरी जागा मिळतेच, २सी सप्लिमेंटरीत ज्या शाळांत जागा उरल्यात तिथे अर्ज करा, तेही नाही झालं तर एमओई स्वतः जागा असलेली शाळा देतं. मग डिप्थेरिया आणि गोवराच्या लशींची नोंद इथल्या सिस्टिममध्ये आहे ना ते तपासा, भारतात घेतल्या असतील तर पुस्तिका घेऊन आधीच नोंद करून घ्या. आणि मातृभाषेचं, मराठी त्या यादीत नाही, बिगर-तमिळ भारतीय भाषांत हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू आहेत, बहुतेक मराठी घरं हिंदी घेतात. सगळ्या शाळांत हिंदीचा वर्ग शाळेतच होत नाही, काही मुलांना शनिवारी दुसऱ्या सेंटरला जावं लागतं, तेव्हा शाळा पक्की झाली की ऑफिसला पहिला फोन करून हे विचारा.