नक्षीची खुर्ची करून घ्यायचीय? आधी खडू आणा

आमच्याकडे जळगावला एक सागवानी खुर्ची आहे, पाठीवर चांगला उठावाचा मोर, मी हौसेनं करून घेतलेली. आबा पहिल्यांदा टेकले आणि पाच मिनिटात पुढे सरकून बसले, मोराची चोच बरोबर मणक्यात. म्हणे "खुर्ची भारी शे, पन बठता येस नही." आता तिच्यावर वाळलेले कपडे पडलेले असतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण मिस्त्रीचा हात सुंदर होता, मोर कुठे काढायचा ते मी चुकीचं सांगितलं.

म्हणून दुसऱ्या खुर्चीला नक्षी शेवटी ठरवली. आधी माप, आणि ते कॅटलॉगचं नाही, जो रोज बसणार त्याचं. घरात आपण चप्पल काढतो ना, मग अनवाणी पायानं जमिनीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत मोजा, साधारण 16-17 इंच भरतं, तीच सीटची उंची. सीटची खोली एवढीच ठेवा की टेकून बसल्यावर गुडघ्यामागे तीन बोटं जागा उरेल. पाठ सरळसोट नको, 18 इंच पाठीला वरचं टोक 3 इंच मागे गेलं की बरं वाटतं.

मग स्वस्तातल्या प्लायची कच्ची खुर्ची ठोकून घ्या आणि तिच्या पाठीला, हातांना, सीटच्या कडेला खडूची पूड चोळा. गडद शर्ट घालून बसा, चहा प्या, फोनवर बोला, अर्धा तास तरी बसा. उठल्यावर कपड्यावर जिथे पांढरं लागलं तिथे नक्षी नाही म्हणजे नाही. आमच्याकडे पाठीचा वरचा माथा, हातांची बाहेरची बाजू आणि सीटखालची पुढची पट्टी कोरी राहिली, मग तिथे अजिंठ्याच्या छतावर आहेत तसली कमळं काढली. हाताच्या पुढच्या टोकाला वाघाचं तोंड वगैरे टाळाच, म्हातारी माणसं उठताना सगळा भार तिथेच देतात, तळहातात मावेल असा गोल ठेवा.

पाठीत आरपार जाळी हवी असेल तर रेषा लाकडाच्या उभ्या धाग्यानं जाऊ द्या, आडवी नाजूक पट्टी टेकल्या टेकल्या तुटते.

स्कॉटलंडचा वास्तुकार मॅकिन्टॉश, त्याची हिल हाऊस नावाच्या घरातली शिडीसारख्या पाठीची खुर्ची 141 सेंटिमीटर उंच, ती पांढऱ्या भिंतीपुढे उठून दिसावी म्हणूनच केलेली, तशी शोभेची हवी असेल तर खुशाल करा, पण मिस्त्रीला आधीच सांगा. मला स्वतःला थोनेट या फर्निचरवाल्याची 1859 ची 14 नंबरची खुर्ची जास्त आवडते, वाफेवर वाकवलेलं लाकूड, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, कोरीवकाम शून्य आणि नुसत्या वळणांनी देखणी.

लाकूड सॉमिलमधून बिलासकट घ्या आणि कापून आणल्यावर काही महिने सावलीत हवेशीर रचून ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात ओलं लाकूड आकसतं आणि सांधे कुरकुरायला लागतात, मग वरची कमळं कितीही सुबक असली तरी पाहुण्यांना बसा म्हणायला जीव घाबरतो. कोरून झालं की 120 आणि मग 220 चा पॉलिश पेपर, कडांवर बोट फिरवून बघा, टोचलं तर परत घासा. खोल बारीक नक्षीत इथली धूळ जाम बसते, म्हणून खाचा एवढ्या रुंद ठेवायला सांगा की जुना टूथब्रश आत जाईल.