भुईकाट्याचा जुना इंडिकेटर नव्या संगणकाला जोडताना

गळीत हंगाम तोंडावर आला की साखर कारखान्यांच्या काटाघरात नवे संगणक येतात आणि मला फोन सुरू होतात. "मागं नऊ पिनांचा पोर्टच नाही, इंडिकेटर बदलायचा का?" बदलू नका. वजन बरोबर दाखवणारा, वजनमापे खात्याचं सील शाबूत असलेला इंडिकेटर केवळ पोर्टसाठी काढून टाकणं मला पटत नाही. यूएसबी-सिरीयल अडॅप्टरनं, म्हणजे नऊ पिनांची जुनी सिरीयल जोडणी यूएसबीला जोडून देणाऱ्या तुकड्यानं, काम होतं. डेटाचं सॉकेट बाहेरच असतं, त्यामुळे सीलला हात लावायची वेळ येत नाही.

अडॅप्टर घेताना आतली चिप कोणती ते विचारा. काट्यासाठी मी एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर चिप घेतो. महाग पडते, पण हंगामभर त्रास देत नाही. सीएच३४० ही चिप स्वस्त आणि कामचलाऊ. पीएल२३०३ ची जुनी किंवा नकली चिप असेल तर नवा ड्रायव्हर ती नाकारतो, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०' येतो. आणि अडॅप्टर आरएस-२३२ चाच, म्हणजे इंडिकेटरच्या सिरीयल सिग्नलच्या पद्धतीचाच हवा. अर्डुइनो या छोट्या प्रयोगाच्या सर्किट बोर्डासाठी मिळणारी छोटी उघडी पट्टी ० ते ५ व्होल्टची असते. आरएस-२३२ मध्ये सिग्नल अधिक-उणे १५ व्होल्टपर्यंत जातो, त्यात ती पट्टी जळू शकते.

आता वायर. इथं अंदाजानं जोडाजोडी करण्यापेक्षा मल्टीमीटर घ्या. इंडिकेटर प्रिंट मोडवर (बटण दाबल्यावरच वजन पाठवणारा) ठेवा, म्हणजे लाइन शांत राहते. सतत डेटा जात असेल तर आकडा नाचतो. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब इंडिकेटरच्या सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनेवर (ग्राउंड), लाल आधी २ वर, मग ३ वर. जिथं उणे ५ ते उणे १२ च्या आसपास दिसेल ती इंडिकेटरची पाठवणारी पिन. अडॅप्टर २ नंबरवर ऐकतो. म्हणून इंडिकेटर २ वर पाठवत असेल तर सरळ केबल, ३ वर पाठवत असेल तर २-३ उलटी केलेली क्रॉस केबल. पंचवीस पिनांचं सॉकेट असेल तर ग्राउंड बहुधा ७ वर.

अडॅप्टरवरच शंका असेल तर तो केबलपासून सोडवा, त्याच्या २ आणि ३ पिना वायरच्या तुकड्यानं शॉर्ट करा आणि पुट्टी (PuTTY) या, सिरीयल पोर्टवरचा डेटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही टाइप करा. अक्षरं उमटली, तुकडा काढल्यावर थांबली, तर अडॅप्टर ठीक आहे.

मग इंडिकेटर सतत डेटा पाठवण्याच्या मोडवर घ्या आणि पुट्टीत त्याच्याच मेन्यूतला स्पीड द्या, बहुधा ९६०० किंवा २४००. फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्याचे-सुरू करण्याचे इशारे) 'नन' करा. पुट्टी ते आपणहून एक्सऑन-एक्सऑफ धरते. काहीच येत नसेल तर दोष वायरचा किंवा मोडचा. सगळाच कचरा येत असेल तर बहुतेक स्पीडचा. पण ०, ३, ५, ६, ९ नीट दिसतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं येतात, असं झालं तर इंडिकेटर ७ बिट, इव्हन पॅरिटीवर (तपासणीचा एक जादा बिट) आहे आणि तुम्ही ८ बिट, नो पॅरिटी लावलंय. ज्या आकड्यांच्या कोडमध्ये १ चे बिट विषम संख्येनं असतात, त्यांना आठवा पॅरिटी बिट १ म्हणून चिकटतो, त्यामुळे नेमके तेवढेच बिघडतात. सेटिंग बदला, वजन लगेच सरळ वाचता येतं.

जुनी पावतीची सॉफ्टवेअर बऱ्याचदा कॉम (विंडोजमधलं सिरीयल पोर्टचं नाव) १ ते ४ एवढेच पोर्ट ओळखतात आणि विंडोज अडॅप्टरला कॉम ७ देऊन मोकळं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या पोर्ट सेटिंग्जमध्ये 'अॅडव्हान्स्ड' दाबून नंबर बदला. अडॅप्टर कायम त्याच यूएसबी खोबणीत लावा, वर चिकटपट्टी मारून ठेवा. दुसऱ्या खोबणीत गेला की काही चिपांचा नंबर पुन्हा बदलतो. डिव्हाइस मॅनेजरमधल्या यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज बंद करण्याची टिकही काढून टाका, नाहीतर रात्री शांत पडलेला पोर्ट पहाटेच्या पहिल्या ट्रॉलीला जागा होत नाही.

काटा संगणकापासून लांब असेल तर यूएसबी वाढवू नका, ती ५ मीटरपर्यंतच ठीक. सिरीयल केबल १५ मीटरपर्यंत न्या. वळवाच्या विजांचा भाग असेल तर आयसोलेटेड अडॅप्टरच (दोन्ही बाजूंत विजेची थेट जोडणी नसलेला) घ्या; तो जास्तीचा खर्च वसूल होतो.

शेवटी रिकामी ट्रॉली, भरलेली ट्रॉली आणि मोकळा काटा अशा तिन्ही वेळा इंडिकेटरवरचा आकडा छापील पावतीशी अंकागणिक जुळवा. सॉफ्टवेअरनं एक अक्षर कमी उचललं तर १८४६० चे १८४६ होतात, आणि ती पावती शेतकऱ्याच्या बिलाला लागते.