लँडिंग नेटची कड चिकटवताना कूलर बंद ठेवा
फ्लाय फिशिंगमध्ये (नकली माशीच्या गळाने केलेली मासेमारी) मासा उचलायच्या हातजाळीची, लँडिंग नेटची, लाकडी कड म्हणजे 2-3 मिलिमीटर जाडीच्या तीन पट्ट्या, थेंबाच्या आकारात वाकवून एकमेकींना चिकटवलेल्या. परदेशात त्यासाठी अॅशचं लाकूड वापरतात. आपल्याकडे साग सहज मिळतो. रेषा सरळ असलेलीच पट्टी घ्या. गाठ किंवा तिरपी रेष असली की वाकवताना नेमकी तिथेच मोडते.

पट्ट्या उकळत्या पाण्यात मऊ करून प्लायवूडच्या साच्याभोवती बांधा आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. मी एकदा मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तीनही तडकल्या.

खरी कसरत चिकटवताना. साग तेलकट, म्हणून इपॉक्सी (दोन भाग कालवून वापरायचा गोंद) लावायच्या जरा आधी अॅसिटोनने पुसा. नागपूरच्या 44-45 अंशांत कालवलेलं इपॉक्सी बघता बघता वाटीतच तापून घट्ट होतं, तेव्हा हे काम पहाटे करा, पसरट ताटलीत थोडं थोडं कालवून. पण कूलरच्या खोलीत नको. दमट हवेत वर मेणचट थर येतो आणि त्यावर वार्निश धरत नाही. साच्याला आधी पॅकिंग टेप लावा, नाहीतर साचाही जाळीचाच भाग होतो! क्लॅम्प कमी पडले तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून ताणून गुंडाळा, दाब सगळीकडे सारखा बसतो.

मूठ कोणत्याही चांगल्या लाकडाची चालेल. जाळी मात्र रबराची घ्या; गाठींच्या नायलॉनने माशाचे खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो.