गरम पाण्याची यंत्रणा बसवताना वायरिंगला हात कुठपर्यंत लावावा?

गोव्यात फर्मागुडीच्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी सोलर वॉटर हीटर आणि हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र) बसवणाऱ्या कंपनीत लागलो. या धंद्यात नव्याने येणाऱ्याला टाकी, पाइप, व्हॉल्व्ह यांचे काम लवकर जमते. पण विजेच्या कामात आपली मर्यादा कुठे संपते, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार ग्राहकाच्या जागेतील विजेचे नवे काम, वाढ, फेरबदल किंवा दुरुस्ती राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायची असते, आणि तीही सक्षमता प्रमाणपत्रधारक सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाच्या हातून. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे बदलण्यास यातून सूट आहे. मात्र त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

आपले सारे काम याच अटीभोवती फिरते. २ किलोवॉटचा गीझर काढून तेवढ्याच क्षमतेचा बसवला, तर ते काम वरच्या सवलतीत बसते. त्याच जागी ४.५ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर आला, तर २३० व्होल्टवर प्रवाह सुमारे ९ अँपिअरवरून जवळजवळ २० वर जातो. १६ अँपिअरचा सॉकेट त्याला पुरत नाही, वायर आणि एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) दोन्ही बदलावे लागतात. तेव्हा काम परवानाधारकाचे झाले, मग ‘पात्रांव (साहेब), वायर आहे ना, जोडून टाका’ असे घरमालक कितीही म्हणोत.

हॉटेलात गोष्ट अधिक अवघड होते. कळंगुटकडच्या एका मालकाचा युक्तिवाद मला आजही वरकरणी बिनतोड वाटतो: एक युनिट विजेवर हीट पंप साधारण तीन युनिट उष्णता देतो, म्हणजे हीटर काढल्यावर भार घटणारच, मग कंत्राटदार कशाला? पण नियम क्षमतेसोबत स्वरूपही पाहतो. तापणाऱ्या कॉइलच्या जागी कॉम्प्रेसरची मोटर येते, गच्चीवर नवी केबल आणि आयसोलेटर (यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच) लागतात, आणि थ्री-फेज यंत्र असेल तर २५० व्होल्टची सूट मुळातच लागू होत नाही.

जुन्या घरांत एक गोष्ट मी नेहमी आधी तपासतो. काही ठिकाणी अर्थिंगची तार पाण्याच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपला बांधलेली असते. हीटर बदलताना प्लंबर तो पाइप काढून सीपीव्हीसीचा, म्हणजे वीज न वाहणारा प्लास्टिकचा पाइप टाकतो आणि विजेला हात न लावताही घराचे अर्थिंग तुटते. त्यात जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी पडते की खड्ड्यातल्या अर्थिंगचा रोध मोजल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही. अशा घरात परवानाधारकाने अर्थिंग नीट करून चाचणी घेईपर्यंत मी गीझर चालू करून देत नाही.

शेजारच्या राज्याचे परमिट गोव्यात आपोआप चालते असे समजू नये. ते गोवा सरकारने मान्य केलेले असावे लागते. परमिटसाठी कोणती कागदपत्रे लागतात, ते वीज खात्यातच विचारावे. तोवर कोटेशनमध्ये पाणी आणि वीज यांची कामे वेगळी लिहावीत, वीजकामापुढे कंत्राटदाराचा परवाना क्रमांक टाकावा, आणि वाढीव भार वीज खात्याने जोडणीला मंजूर केलेल्या भारात बसतो का हे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी बिलावर पाहून घ्यावे.